सरळमाणूस यांची पत

२४ मार्च, सोमवार

बऱ्याच दिवसांनी डायरी हातात घेतली. घर बांधत होतो तेव्हा लिहायला सवड नव्हती. आता घर झालं, तर लिहावं असं सुख कुठे आहे?

घर छानच झालंय. पिंप्राळ्याच्या पुढे, कोपऱ्याचा प्लॉट, दोन्हीकडून वारा. पण वास्तुशांतीला माझी मोठी बहीण दिपमालाअक्का आली नाही आणि तेव्हापासून आबा या घरात पाहुण्यासारखे राहतात. चहा मागत नाहीत, समोर ठेवला तर पितात. परवा माझ्या बायकोला, सारिकाला म्हणाले, "लेकनं पाऊल पडनं नही आन घर म्हनतस याले." मी शेजारीच बसलो होतो. मला ऐकू जावं म्हणूनच बोलले असणार.

माझं काय चुकलं ते मला कळत नाही. कार्ड पाठवलं होतं. रंगीत, गणपतीचं, खाली घराचा नकाशा. भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकलं, म्हणजे एकदम सगळ्यांना पोहोचलं, कोणाला आधी आणि कोणाला नंतर ही भानगडच नको. अक्काही त्याच ग्रुपमध्ये आहे. तिनं ते पाहिल्याचं मी स्वतः तपासलं. आणि नंतर फोन केला तर काय म्हणते, "माले लेवाले मुराई कोन उना व्हता?"

लेकीला माहेरी न्यायला घरचं माणूस जातं, तो मुराळी. आबांच्या काळात बैलगाडी जुंपून जायचे. आता धुळ्याहून जळगावला बस म्हणाल तेव्हा मिळते. मी तिला म्हटलं, तू काय नवी नवरी शे का? तिनं फोन ठेवला. तो ठेवला तो ठेवलाच.

महिन्यावर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आलीय; आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी येतात. आबांचं म्हणणं, मी धुळ्याला जाऊन तिला घेऊन यावं. मी का जावं?

२६ मार्च, बुधवार

कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर तेजस बसतो. मी ठिबकच्या नळ्या तपासतो आणि तो माझ्या सह्या तपासतो. जेवताना त्याच्यापुढे मन मोकळं केलं, तर त्यानं मतकट्टा नावाची वेबसाइट दाखवली. आपण आपला प्रश्न मांडायचा, लोक मत देतात. कोणाला आपलं बोलणं पटलं तर आपली पत वाढते. पत वाढत गेली की नवख्याचा जाणता होतो आणि जाणत्याचा पंच. खरं नाव द्यायची गरज नाही.

मी नाव घेतलं सरळमाणूस. हे नाव अजून कोणी घेतलेलं नव्हतं याचंच आश्चर्य वाटलं.

प्रश्न असा लिहिला: "स्वतःच्या कष्टानं घर बांधलं. वास्तुशांतीचं सख्ख्या मोठ्या बहिणीला व्यवस्थित निमंत्रण दिलं. घ्यायला कोणी आलं नाही या कारणावरून ती आली नाही. आता आखाजीला मी तिला घ्यायला जावं, अशी वडिलांची इच्छा आहे. जावं की जाऊ नये?"

वाचून तेजस म्हणाला, "भाऊ, वकील व्हायला पाहिजे होतं तुम्ही."

२८ मार्च, शुक्रवार

सुरुवातीला लोक उलटंच बोलत होते. कोणी म्हणे बहीण आहे, जा की मुकाट्यानं. कोणी म्हणे अहंकार सोडा. काल जेवण गोड लागलं नाही. आज मात्र वारं फिरलं. सांगलीच्या कोण्या निवृत्त प्राचार्यांनी लांबलचक लिहिलं, की मानपानानं महाराष्ट्राचं वाटोळं केलं आणि सरळमाणूस यांनी ठाम राहावं. त्यावर भराभर मतं पडली. संध्याकाळपर्यंत 'जाऊ नये' पुष्कळ पुढे गेलं.

हुश्श. छातीवरचा धोंडा उतरला. महिनाभर वाटत होतं की माझंच काही चुकतंय की काय. एवढी शिकलीसवरलेली माणसं खोटं कशाला बोलतील?

एकानं विचारलं, "व्यवस्थित निमंत्रण म्हणजे नक्की कसं दिलं?" मी उत्तर दिलं, "रीतसर." काही लोकांना उगाच फाटे फोडायची सवय असते.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. नव्या घराची पहिली गुढी. आबांनी नमस्कार केला आणि धुळ्याच्या दिशेनं बघत उभे राहिले. मला वाटतं ऊन बघत होते.

पत वाढतेय. मी आता 'जाणता' आहे.

६ एप्रिल, रविवार

लोकांना किती अडचणी असतात, आणि त्यांची उत्तरं मला किती चटकन सुचतात! काल नाशिकच्या एका सुनेला सांगितलं की सासूचा कुकर तिला विचारल्याशिवाय घेऊ नये. अकोल्याच्या एका गृहस्थांना सांगितलं की भाडेकरूच्या कुत्र्याशी भांडू नका, भाडेकरूशी भांडा. या उत्तरावर तर इतकी मतं पडली की मी पंच झालो. नावापुढे पगडीचं चित्र आलंय. तेजसनं कारखान्यात कचोऱ्या वाटल्या. पैसे माझे, पण वाटल्या त्यानं.

मी मोबाइल नेऊन आबांना पगडी दाखवली. म्हटलं, पाहा, इतक्या लोकांचं म्हणणं आहे की मी जाऊ नये. आबांनी चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला.

"त्या लोकेस्ले इचारं ते ठीक. माले कव्हय इचारशी?"

म्हटलं, आबा, तुमचं मत एकच, इथे हजारो आहेत. आबा उठले. गच्चीवर जाऊन बसले. एवढ्या उन्हात गच्चीवर कोण बसतं?

११ एप्रिल, शुक्रवार

आज सासुरवाडीच्या लोकांचा मनस्वी राग आला. सारिकाचा भाऊ प्रेमराज सावद्याला असतो, केळीचा व्यापार आहे. सकाळी त्याचा फोन आला, "ताई, आखाजीला ये." झालं! दहा वाक्यं नाहीत की घरच्यांची चौकशी नाही. मागे केळी भरणाऱ्यांचा गलका चालू होता, त्यात मध्येच वेळ काढून बहिणीला बोलावलं.

मी सारिकाला म्हणालो, "ही काय पद्धत झाली? सावदा काय सातासमुद्रापार आहे? समोर येऊन चार शब्द बोलला असता तर पायाला फोड आले असते का? बहीण आहे की गडी, फोन केला की हजर?"

सारिका भाजी निवडत होती. ती थांबली, माझ्याकडे पाहत राहिली आणि मग इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावायची वेळ आली. म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. अगदी बरोबर आहे."

तिला पटलं हे बरं झालं. पण हसण्यासारखं काय होतं?

१५ एप्रिल, मंगळवार

उन्हाचा तडाखा आहे. सारिकानं सांजोऱ्यांसाठी रवा आणला. यंदा जास्त आणलाय. म्हटलं, आपण तिघंच तर आहोत, एवढ्या कोण खाणार? म्हणाली, "असू द्या, लागतात." बायका हिशेबात अशाच.

घराबाहेरच्या कडुनिंबाला दर आखाजीला लेकींसाठी झोका बांधायचा हा आमच्या गावाकडचा रिवाज. इथल्या प्लॉटच्या कोपऱ्यालाही एक कडुनिंब आहे, मी तो मुद्दाम तोडू दिला नव्हता. आबांना म्हटलं, दोर आणू का? म्हणाले, "कोना करता?"

या प्रश्नाला मला उत्तर सुचलं नाही. पंच असूनही.

२१ एप्रिल, सोमवार

माझ्या प्रश्नाला पुन्हा कुठून तरी जोर आलाय. म्हणे पहिल्या पानावर लावला. नवी माणसं आलीत. सकाळी चहा घेताना वाचायला बसलो.

स्पष्टवक्ता म्हणून कोणी आहे. त्यानं लिहिलंय, "अशा बहिणींना मान नको असतो, हिस्सा हवा असतो. दार बंद करून टाका." त्याला सपाटून मतं पडलीत.

माझ्याच बाजूचं आहे. तरी चहा तसाच राहिला.

त्याला काय माहीत? पण जाऊ दे, आपल्या बाजूचा माणूस आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

आज कोणी बाई लिहिते, "बहीण लहानपणापासूनच अशी असेल. आईनं वळण लावलं नाही की असं होतं."

वळण लावायला आई होती कुठे? आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. भाकरी करायला ती शिकली जाळून जाळून, आणि जळालेली ती खायची, बरी असेल ती मला. मला रडक्या म्हणणाऱ्या जीवरामला तिनं गुरांच्या हौदात बुचकळून काढला होता. जीवरामची आई भांडायला आली, तर तिलाही हौदाची वाट दाखवली. माझ्या शाळेच्या शर्टाला गुंडी नसेल तर स्वतःच्या पोलक्याची काढून लावायची आणि तिथे टाचणी टोचून फिरायची. तिला वळण नाही? हिला वळण नाही म्हणणारी तू कोण गं?

हे सगळं मी जसंच्या तसं तिथे लिहून टाकलं. कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता.

तिनं उत्तर दिलं, "अहो काका, मी तुमच्याच बाजूनं बोलतेय."

मी लिहिलं, "माझ्या बाजूनं बोला, माझ्या बहिणीबद्दल बोलू नका."

यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

२३ एप्रिल, बुधवार

मतकट्ट्यावर एक नियम आहे. कोणाच्या बोलण्याला 'चूक' म्हणायचं असेल तर आपल्या खिशातली पत खर्चावी लागते. फुकट कोणी कोणाला चूक म्हणू नये म्हणून.

आज मी खर्च करायला बसलो. स्पष्टवक्ता, चूक. वळणवाली बाई, चूक. "आधुनिक काळात बहिणीचे लाड कशाला", चूक. सांगलीचे प्राचार्य खरं तर सभ्य बोलले होते, पण शेवटी त्यांनी "हट्टी स्त्री" असा शब्द घातलाय. चूक! ही सगळी मला 'जाऊ नये' म्हणणारी माणसं. एकेक टिचकी मारत होतो आणि पत पाण्यासारखी जात होती. तेजस मागे येऊन उभा राहिला. त्याला घाम फुटला.

"भाऊ, काय करताय? पगडी जाईल!"

"जाऊ दे."

"अहो, हे तुमचे लोक आहेत!"

"माझे कसले? माझी बहीण कोण ते यांना माहीत तरी आहे का?"

मग एकानं टोमणा मारला, "एवढी चांगली बहीण होती तर व्यवस्थित निमंत्रण देऊनही का आली नाही?" मी तिरीमिरीत लिहिलं, "व्यवस्थित नव्हतं. ग्रुपवर कार्ड टाकलं होतं. तिला वेगळं एक अक्षर पाठवलं नव्हतं. मग कशाला येईल ती? तिच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो!"

लिहून झाल्यावर मी ते परत वाचलं. पुसून टाकता आलं असतं. नाही पुसलं.

२४ एप्रिल, गुरुवार

पगडी गेली. जाणतेपणही गेलं. आता मी शून्याच्या खाली आहे, असं तेजस म्हणतो. नवख्यांच्याही खाली जागा असते हे मला माहीत नव्हतं. लोक मला ढोंगी म्हणतायत, दोन तोंडांचा म्हणतायत. निकालही उलटला, 'जावं' पुढे गेलं.

आणि गंमत अशी की मला बरं वाटतंय. पोटभर जेवलो. कित्येक दिवसांनी दुपारच्या पाळीत जांभई आली, तीही चांगली लांबलचक.

आबांपाशी जाऊन बसलो. म्हटलं, "आबा, तुम्हाला विचारायचं राहिलं होतं. मी जाऊ का अक्काला घ्यायला?"

आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "दोर जाड आन," म्हणाले, "मांगला साले तुटना व्हता."

२६ एप्रिल, शनिवार

मी म्हणत होतो मंगळवारी जाऊ, सुट्टी टाकतो. सारिका हटूनच बसली, "नाही, उद्याच जा. सकाळीच निघा." एरवी ती माझ्या जाण्यायेण्यात पडत नाही. कोणाशी तरी फोनवर बोलत होती, मी आत गेलो तर म्हणाली दूधवाला. दूधवाल्याशी इतका वेळ काय बोलायचं असतं?

धाकधूक आहे. अक्कानं दारातूनच परत पाठवलं तर? वेबसाइटवर काय, तिथे पत गेली तर गेली. इथे गेली तर आबांना काय तोंड दाखवू? आणि आबांचं तरी नाव कशाला घेऊ, मलाच ती हवीय. घर तिला दाखवल्याशिवाय मला ते माझं वाटत नाही. लिहिलं बाबा एकदाचं.

२७ एप्रिल, रविवार

संध्याकाळी लिहितोय. आत तिचा आवाज येतोय.

सकाळी धुळ्याला पोहोचलो. देवपुरात तिच्या घरापुढे गाडी लावली आणि उतरायला धीर होईना. हातात कुंकवाची पुडी, नारळ आणि अक्षता, सारिकानं बांधून दिलेल्या. दार उघडंच होतं. अक्का समोर उभी. वर्षभरात केस बरेच पिकलेत तिचे. मी रात्रभर घोकलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, "अक्का, मी मुराई उनू."

ती माझ्या हातातल्या नारळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हातपाय धू. भूक लागनी व्हई."

बस, एवढंच. ताटात कळण्याची भाकरी आणि भरीत. भरपेट जेवलो. दाजी समोर बसून उन्हावर बोलत राहिले, शेतावर बोलत राहिले, घरावर एक शब्द नाही. भला माणूस. माझं नशीब असं की अक्का नेमकी कुठेतरी गावाला निघायच्या बेतात होती. बॅग भरून दारातच ठेवलेली, नवी साडी नेसलेली, केसात गजरा. जरा उशीर केला असता तर चुकामूकच झाली असती. मी विचारलं कुठे निघाली होतीस, तर दाजी एकदम खोकायला लागले.

गाडीत बसलो. फागणं मागे पडलं. मुकटी गेल्यावर ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुन्ही पगडी गयी ना रे?"

माझा पाय ब्रेकवरच पडला. मागच्या ट्रकवाल्यानं आईबहिणीवरून शिव्या घातल्या.

"तुले कसं माहीत?"

"आखाजी लिखेल व्हतं तुन्ही. सांगलीना लोके आखाजी म्हनतस का? आन 'स्वतःच्या कष्टानं', हाई तं तू दुसरीमा पास व्हयना तव्हय पाईन म्हनस."

म्हणजे तिनं सगळं वाचलं होतं. पहिल्या दिवसापासून. स्पष्टवक्ता, वळणवाली, सगळं. मला कुठे तोंड लपवू असं झालं. काचेतून समोरचं दिसेना, डोळे पुसले, तर म्हणते, "रडू नको, गाडी चलाव."

मी म्हटलं, "अक्का, तू मत दिलंस का?"

"दिधं."

"काय दिलंस?"

"तव्हय बठ्ठा लोके तुलेच नावं ठेयेत. कोनी तुन्हा बाजूनं बोलेना. मंग मी दिधं तुले. 'जाऊ नये' म्हनीसन."

"तुझ्याच विरुद्ध?"

"मन्हा भाऊले बाहेरना लोके नावं ठेवतीन आन मी देखत बसू?"

रखरखीत शेतं मागे पळत होती, ऊन रस्त्यावर नुसतं हलत होतं. शेवटी मी चाचरत म्हटलं, "मग... म्हणजे तुलाही वाटतं ना, की मी तसा बरोबर होतो?"

अक्का वळून नीट माझ्याकडे तोंड करून बसली. पट्टा सैल केला, पदर खोचला.

"बरोबर? चूक तुन्हीच शे. बठ्ठी तुन्ही. पन ती मी तुले तोंडवर सांगसू. त्या लोकेस्ना काय संबंध?"

आणि सुरू झाली. कार्डापासून सुरुवात केली. ग्रुपमध्ये पाठवलं ते कसं पाठवलं, तिच्या जावेनं काय विचारलं, सासूपुढे तिला काय खोटं सांगावं लागलं, त्या दिवशी तिनं घरात बसून मांडे कसे केले आणि कोणी कसे खाल्ले नाहीत. मग मागच्या आखाजीवर आली. मग माझ्या लग्नावर. पारोळा गेलं. एरंडोल गेलं. पाळधीला रसवंतीपाशी थांबलो, तेव्हा रसाचा ग्लास संपेपर्यंत ती थांबली, ग्लास खाली ठेवला आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू. रसवाला माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता. त्याला काय सांगणार?

मी एकदाही मध्ये बोललो नाही. नुसता हूं हूं करत होतो. जळगावच्या पाट्या दिसायला लागल्या तरी तिचं संपलं नव्हतं, आणि गाडी मी जरा हळूच चालवत होतो.